सात किलोची बॅग

गोरक्ष बोत्रेचा हात म्हणजे तराजू, असं चाकणच्या मार्केट यार्डात अजून सांगतात. बापाच्या आडतीवर तो पोरवयात बसला. कांद्याची गोण कान धरून जराशी उचलायची आणि आकडा बोलायचा. त्रेपन्न म्हणाला तर काट्यावर साडेबावन्न ते साडेत्रेपन्नच्या मधेच काहीतरी यायचं. पैजा लावणारे व्यापारी त्याला चहा पाजून पाजून थकले. अर्ध्या किलोपेक्षा जास्त तो कधी चुकला नाही.

पुढं आडत थोरल्या भावाकडं गेली. गोरक्षनं एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि अष्टविनायक करायला लागला. मग गोवा, मग केरळ. कंपन्यांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतली माणसं म्हणायला लागली, ‘आमाला बी इमान दाव की गोरक्षा.’ तेव्हा परदेश सुरू झाला. तळेगाव चौकाजवळ गणराज हार्डवेअरच्या वर त्याचं ऑफिस. शाळा नववीपर्यंत, इंग्रजी टेलिफोनवर शिकलेलं, पण इटलीच्या त्या गाजलेल्या अमाल्फी किनाऱ्यावर बस कुठल्या वळणाला थांबते आणि कुठली बेकरी सोमवारी बंद असते, हे त्याला पाठ.

त्याच्या धंद्याची किल्ली एकच होती. गाजलेलं गाव विकायचं नाही, त्याच्या शेजारचं विकायचं. समुद्र तोच, डोंगर तोच, लिंबाच्या बागा त्याच. फक्त माणसांचा लोंढा नाही. ‘गर्दी बघायला इटलीला कशाला, संध्याकाळी पाचला हिंजवडीत उभे राहा,’ असं म्हणून तो गिऱ्हाईक हसवायचा. एकदा खराबवाडीची सतरा माणसं त्यानं अशाच एका मच्छीमारांच्या गावी पाठवली. त्यातले गेनबा म्हणून सत्तरीचे आजोबा धक्क्यावर जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसले, ते चार तास उठले नाहीत. एकमेकांची भाषा येत नाही, तरी दोघांनी मिळून जाळं पुरं केलं आणि तंबाखूची अदलाबदल केली. परत आल्यावर गेनबा सांगायचे, ‘गडी लई बोलका व्हता.’

असा हा माणूस. त्याच्याकडं एक दिवस हिंदुराव आले.

हिंदुराव मूळचे कडेगावकडचे. पिंपरीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर, नुकतेच रिटायर झालेले. राहायला रहाटणीत, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, बायको कौशल्याबाई आणि नोकरी करणारी मुलगी दिव्या. बोलणं कमी, मोजमाप जास्त. त्यांनी शर्टाच्या आतून प्लॅस्टिकमध्ये बसवलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. जुन्या कॅलेंडरचं पान. इटलीच्या मशीनवाल्यांनी कंपनीला पाठवलेलं. समुद्रात उतरणाऱ्या बारा दगडी पायऱ्या, बाजूला पिवळं घर, त्याच्या खिडक्यांना तीन हिरव्या झडपा, त्यातली एक बिजागरीतून सुटून लोंबकळलेली, आणि भिंतीतून बाहेर आलेलं अंजिराचं झाड. खाली गावाचं नाव नाही.

हिंदुराव म्हणाले की हे पान सत्तावीस वर्षं त्यांच्या मशीनच्या मागं होतं. कूलंटचं तेलकट पाणी अंगावर उडायचं, कान फुटायचे, पण मान वर केली की ह्या पायऱ्या. तिथं जाऊन शेवटच्या पायरीवर बसायचं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

“शेजारचं गाव चालणार नाही,” ते म्हणाले. “हेच पाहिजे.”

गोरक्षनं शोध लावला. त्या किनाऱ्यावरच्या गावांचे, अत्रानीचे फोटो मागवले, मिनोरीचे मागवले, चेताराचे मागवले. प्रत्येक वेळी हिंदुराव मोबाइलशेजारी आपलं पान धरायचे आणि चष्मा कपाळावर सारून बारकाईनं बघायचे, जसा जॉब ड्रॉइंगशी लावून बघतात तसा. मग मान हलवायची. ‘ड्रॉइंगला बसत नाही.’ एकदा त्यांनी मधेच विचारलं, “शेठ, तुमच्या पायाला तिथली माती लागलीय का हो कधी?” गोरक्ष हसून म्हणाला, चपला झिजल्या. हिंदुराव त्याच्या चपलांकडं बघत राहिले.

तरी बुकिंग झालं. मे महिन्याच्या ग्रुपमध्ये दोघं नवराबायको. जायच्या आत गाव शोधून ठेवतो, असं गोरक्षनं सांगितलं आणि रिवाजाप्रमाणं बुकिंगची भेट दिली, ‘गोरक्ष टूर्स’ अशा पांढऱ्या अक्षरांची निळी बॅग. विमानात हातात किती वजन चालतं, हिंदुरावांनी विचारलं. सात किलो. “सात म्हणजे सात. वर एक ग्रॅम नको,” म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी खालच्या हार्डवेअरमधून आकड्याचा छोटा वजनकाटा घेतला.

फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोरच खाली बसले आणि उठले नाहीत.

दहाव्याला गोरक्ष पवनेच्या घाटावर गेला. तसं काम साधं होतं, हजेरी लावायची, वहिनींना दोन शब्द बोलायचे आणि एकच्या आत भोसरीच्या पार्टीला गाठायचं. पण कावळा शिवेना. पिंड मांडून तास झाला, दीड तास झाला. समोरच्या बाभळीवर वीस-पंचवीस कावळे गप्प बसलेले, एक पंख हलवत नव्हता. दिव्याचं लग्न चांगलं करू म्हणून सांगून झालं. कौशल्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन करू म्हणून झालं. गावाकडच्या भावानं बांधाचं भांडण मिटवायचं कबूल केलं. नदीचा वास उन्हानं चढत चालला होता. लोक सावली शोधत होते.

गोरक्ष सौदा तुटू न देणारा माणूस. तो पुढं झाला, हात जोडले आणि म्हणाला, “हिंदुराव, ते फोटोतलं गाव राहिलंय ना? मी स्वतः घेऊन जातो तुम्हाला तिथं. माझा शब्द.”

बाभळीवरचा एकही कावळा हलला नाही. नदीच्या बाजूनं, पाण्याला जवळजवळ घासत, एक वेगळाच आला. सरळ पिंडावर उतरला. खाताना त्याची मान पिंडाकडं आणि डोळा गोरक्षकडं होता. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, दोघा-तिघांनी गोरक्षच्या पाठीवर हात ठेवला. तो गाडीकडं चालत निघाला तेव्हा कुठं त्याला आपण काय बोललो ते कळलं.

कारण गोरक्ष बोत्रे आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता. एकदा लोहगावला बोर्डिंग पास हातात घेऊन शिडीपर्यंत गेला होता. तिथं पाय असे गार पडले की बीपी वाढलं सांगून परत फिरला. तेव्हापासून प्रत्येक ग्रुपबरोबर त्याचा माणूस शेखर जायचा. हे शेखरला माहीत होतं, आणि आता वाटतं, हिंदुरावांनाही.

मे महिना आला. कौशल्याबाईंनी आपलं जाणं रद्द केलं आणि रक्षेतली एक मूठ स्टीलच्या डबीत बांधून दिली. गाव अजून सापडलं नव्हतं. गोरक्षनं जन्मभर जे केलं तेच केलं. शेखरला सांगितलं, चेताराच्या धक्क्यावरून सोड, पाणी तेच आहे. आणि आडतीची जुनी सवय, सौदा मिटेपर्यंत प्रत्येक मालातला नमुना मागं ठेवायचा. त्या सवयीनं त्यानं डबीतली एक चिमूट काढून रिकाम्या चुन्याच्या डबीत टाकली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. का ठेवली, त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेखरनं पाठवलेला व्हिडिओ त्यानं कौशल्याबाईंना दाखवला. हेच ते गाव, म्हणाला. बाई डोळे पुसत बघत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, “पायऱ्या न्हाईत दिसत?”

“पलीकडच्या अंगाला आहेत, वहिनी.”

सप्टेंबरात, गौरी-गणपती होऊन गेल्यावर, दिव्या ऑफिसात आली. पहिली शिफ्ट सुटल्यावर थेट, पायात कंपनीचे जड बूट तसेच. ती चाकणच्याच एका कंपनीत क्वालिटीला होती, बापासारखीच मोजकं बोलणारी. खुर्चीत बसली. गोरक्षनं चहा मागवला, तो गार झाला.

मग तिनं सांगितलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस ती कामावरून आली तर माळ्यावरची निळी बॅग पलंगावर होती. आत बाबांचे दोन शर्ट. आईनं आठवण म्हणून काढले असतील, असं वाटून तिनं ते कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी परत. मग दाढीचं सामान, मग स्वेटर, मग चपला. शर्टाच्या घडीत वर्तमानपत्र घालून, जसं बाबा घालायचे. बॅगेला कुलूप लावलं, शेजारच्या जाईबाईंकडं नेऊन ठेवली. दुपारी साडेतीनला, दुसऱ्या शिफ्टच्या वेळेला, ती पलंगावर असायचीच. शेवटी दोघींनी तिला तिथंच राहू दिली. सवय होते, म्हणाली दिव्या. कशाचीही होते.

“पण गणपतीपासून बाबांचं सामान बाहेर आलं, काका. सगळं नीट कपाटात गेलं, आपोआप. आणि बॅगेत आता आईचं जायला लागलंय.”

आधी एक लुगडं, मग दुसरं. मग गुडघ्याला लावायचं तेल. काल चष्मा.

काढून ठेव की, गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

“काढलं की आईला धाप लागते. परत ठेवलं की बसते.” दिव्यानं खिशातून तो आकड्याचा काटा काढून टेबलावर ठेवला. “मी रोज वजन करते. आठ दिवसांपूर्वी साडेतीन होतं. आज पाच किलो शंभर. आणि आई जेवत नाही आता. म्हणते, तिकडं जाऊनच खाईन.”

खाली गणराजच्या दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं. सात किलो झाल्यावर काय, हे दोघांनाही विचारायचं नव्हतं.

“घाटावर तुम्ही काय बोललात ते मला आठवतंय,” दिव्या म्हणाली. “बाबांना त्या गावात नेलंत ना तुम्ही?”

गोरक्षनं आयुष्यात हजार गिऱ्हाइकं समजावली होती. ह्या पोरीपुढं थाप मारता येईना. त्यानं सगळं सांगितलं. चेतारा, धक्का, चुन्याच्या डबीतली चिमूट, आणि लोहगावची शिडीसुद्धा. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती उठली, काटा खिशात टाकला आणि एवढंच म्हणाली, “मग आता न्या.”

स्वतः जायचं म्हटलं तरी पासपोर्ट कोरा, व्हिसाला कमीत कमी पंधरा दिवस. बॅग रोज दोन-अडीचशे ग्रॅमनं वाढत होती. हातात जेमतेम आठ दिवस होते. शेखरचा ग्रुप मात्र चौथ्या दिवशी निघणार होता. म्हणजे चिमूट शेखरकडं द्यायची, आणि तो पोचेपर्यंत गाव शोधायचं. जे सात महिन्यांत सापडलं नाही ते आठ दिवसांत.

बाजारात खरी खबर पाहिजे तर आडत्याला विचारायची नसते, हमालाला विचारायची. गोरक्षनं हॉटेलवाले सोडले. त्या किनाऱ्यावरचे बसवाले, मासे विकणारे, बोटी दुरुस्त करणारे, जेवढे नंबर वर्षानुवर्षं जमवले होते तेवढ्या सगळ्यांना पानाचा फोटो पाठवला. मोडक्या इंग्रजीत, हात जोडून. त्रेचाळीस माणसं. उत्तरं यायची, नाही. नाही. असं गाव इथं नाही. आणि रोज साडेतीननंतर दिव्याचा मेसेज, नुसता आकडा. पाच तीनशे. पाच पाचशे. जेवताना, गाडी चालवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या डोक्यात तो आकडा टिकटिकत राहायचा. शेखर चुन्याची डबी खिशात घालून मुंबईला गेला त्या दिवशी पाच नऊशे होतं.

त्याच दुपारी गोरक्ष रहाटणीला गेला.

दार उघडताच वास आला. मशीनच्या कूलंटचा, गोडसर तेलकट, आणि त्याच्या खाली दुसराच काहीतरी. ओलसर, खारट. रहाटणीपासून समुद्र दीडशे किलोमीटर. पलंगावर निळी बॅग होती. त्यानं न राहवून तिचा बंद धरला आणि जरा उचलली. हात म्हणाला पाच नऊशे. आणि बॅगेचं बूड गार लागलं, रात्रभर पाण्याच्या कडेला ठेवल्यासारखं.

कौशल्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. अंगातलं रक्त कुणी काढून घेतल्यासारखा चेहरा. पण शांत होत्या, प्रवासाला निघालेलं माणूस गाडीची वाट बघत बसतं तशा. शेजारी हिंदुरावांची रेक्झीनची खुर्ची रिकामी.

“भावोजी,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “ते रागावलेले न्हाईत तुमच्यावर. नुस्ता वाट बघायचा कंटाळा आलाय त्यास्नी… म्हणत्यात, शेठ येत न्हाईत… तर तू तरी चल.”

गोरक्षनं कुणापुढं हात पसरले नव्हते. तो त्या रिकाम्या खुर्चीपुढं फरशीवर बसला आणि हात जोडले. चार दिवस द्या, म्हणाला. हिंदुराव, चार दिवस. वहिनींना ठेवा. गाव मी शोधतो. बोलता बोलता तो रडायला लागला. खुर्चीचं रेक्झीन करकरलं… बसलेलं माणूस पुढं झुकतं तेव्हा करकरतं तसं. दिव्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तोंडावर हात दाबून.

सहा दोनशे. सहा चारशे.

सहा सातशेच्या दिवशी साल्व्हातोरे नावाच्या बस ड्रायव्हरचा आवाजी मेसेज आला. त्यानं फोटो आपल्या आईला दाखवला होता. म्हातारी फोटो बघून म्हणाली, हे गाव होतं. आठ-दहा घरांचं, मोठ्या रस्त्याच्या खाली, दोन गाजलेल्या गावांच्या मधल्या खोबणीत. पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या वादळात धक्का गेला, घरं गेली, उरलेली माणसं वर राहायला आली. आता तिथं कुणी जात नाही. तीन पायऱ्या तेवढ्या शिल्लक आहेत.

शेखर ग्रुप घेऊन त्याच किनाऱ्यावर होता. गोरक्षनं त्याला फोन केला. ग्रुपला उद्या अर्धा दिवस पोहायला सोड, साल्व्हातोरेबरोबर जा, आणि तिकडचे बारा, म्हणजे आपले साडेतीन वाजले की मला व्हिडिओ कॉल लाव. शेखर काहीतरी विचारणार होता. गोरक्ष म्हणाला, “शेखर, आयुष्यात परत कधी तुला काही मागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वातीनला तो रहाटणीत होता. बॅग काट्याच्या आकड्याला लावून दिव्यानं खिडकीच्या गजाला अडकवली होती. सहा नऊशे. सकाळी कौशल्याबाईंची कवळी बॅगेत गेली होती. बाईंचे गाल आत ओढले गेले होते, ओठ निळे. श्वास घेताना लहान आवाज येत होता, आणि दोन श्वासांच्या मधलं अंतर वाढत चाललं होतं. डॉक्टर सकाळी येऊन गेले होते. काही सापडत नाही, म्हणाले, ॲडमिट करा. कौशल्याबाईंनी पलंगाची कड धरून ठेवली होती.

साडेतीन. रस्त्यावरून दुसऱ्या शिफ्टच्या बसेस गेल्या. फोन वाजला.

शेखर धापा टाकत होता. झुडपांतून, निसरड्या वाटेनं उतरत होता. मागून साल्व्हातोरेचा आवाज येत होता, त्याच्या भाषेत, सारखा काहीतरी पुटपुटल्यासारखा. मग वारा आणि पाणी. शेखर म्हणाला, “आलो शेठ. इथं काय नाही ओ. नुसते दगड. तीनच पायऱ्या उरल्यात, चौथीपासनं पाणी.”

गोरक्ष स्क्रीनकडं बघत होता. दिव्याही बघत होती. पायऱ्या बारा होत्या. बाजूला पिवळं घर होतं, ऊन पडलेलं. तीन हिरव्या झडपा, एक लोंबकळलेली, वाऱ्यानं हळूहळू हलत होती. भिंतीतून अंजिराचं झाड आलेलं. दिव्यानं प्लॅस्टिकचं पान मोबाइलशेजारी धरलं. कौशल्याबाईंनी चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून बघितलं.

“बसतंय,” त्या पुटपुटल्या. “ड्रॉइंगला बसतंय…”

शेवटच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. करड्या रंगाचा कंपनीचा शर्ट, पाठीवर घामाचा डाग.

“शेखर,” गोरक्ष म्हणाला. “शेवटच्या पायरीवर… कोण आहे?”

“कुठल्या शेवटच्या, शेठ?”

खिडकीत काटा करकरला. सहा नऊशे पन्नास.

“टाक,” गोरक्ष म्हणाला. “डबी उघड… टाक लवकर.”

शेखरचा हात स्क्रीनमध्ये आला, चुन्याची डबी उघडली आणि पाण्यावर उलटी केली. चिमूट ती केवढी, वाऱ्यानं उडाली. पायरीवरचा माणूस उठला. शिफ्ट संपल्यावर माणसं झटकतात तशी त्यानं दोन्ही हातांनी पँट झटकली. मग तो सावकाश वळायला लागला… आणि कॉल तुटला.

मग कौशल्याबाईंनी एक लांब, खोल श्वास घेतला, पाण्याखालून वर आल्यासारखा. वास गेला होता. दिव्यानं काट्याकडं बघितलं. नऊशे ग्रॅम. चेन उघडली तर आत काही नव्हतं. लुगडी कपाटात, तेल फळीवर, चष्मा नेहमीच्या जागी, कवळी वाटीत.

“दिव्या,” बाई म्हणाल्या, “भूक लागलीय गं.”

दिव्या भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. गोरक्षनंच मग गॅस पेटवला आणि कालची भाकरी गरम केली. कौशल्याबाईंनी दुधात कुस्करून खाल्ली, घासाघासाला थांबत. तो निघताना त्यांनी बॅग त्याच्या हातात दिली. आता हिचं इथं काम नाही, म्हणाल्या. मग त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती.

“भावोजी… घाटावर तुमी ‘स्वतः’ म्हणाला होता न्हवं?”

बॅग ऑफिसच्या फळीवर गेली. रिकामी बॅग नऊशे ग्रॅम, हे हाताला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गोरक्षनं ती सहज सरकवायला म्हणून धरली आणि त्याचा हात थांबला. सव्वा किलो. चेन उघडायचा धीर झाला नाही. घरी गेला तर त्याचा आकाशी शर्ट दोरीवर नव्हता. बायको म्हणाली, इस्त्रीला गेला असेल.

त्यानं व्हिसा काढला. महिना गेला त्यात. शेखरनं तिकीट काढून दिलं. गोरक्ष मुंबईच्या विमानतळापर्यंत गेला, दाराशी उभा राहिला, पाय गार पडले आणि परत आला. दिवाळीनंतर पुन्हा गेला, पुन्हा आला. बॅग रोज थोडी थोडी जड होत होती. उतार नाही, घाई नाही, शांतपणे. दाढीचं सामान सापडेना. मग स्वेटर. आज सकाळपासून चष्मा.

आज साडेतीनला तो बॅग घेऊन खाली गणराजच्या दुकानात उतरला. हाताला आता दुसऱ्या कुणाची साक्ष पाहिजे होती. गणराज खिळे मोजून देत होता. गोरक्षनं बॅग त्याच्या काउंटरवरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली आणि डोळे मिटून विचारलं, किती?

“नऊशे ग्रॅम,” गणराज म्हणाला आणि हसला. “रिकामी बॅग कसली मोजताय शेठ? कुठं निघालात काय?”

गोरक्षनं डोळे उघडले. चष्म्याशिवाय आकडा धूसर दिसत होता, पण नऊशेच होता. त्यानं बंद धरून बॅग उचलली. खांदा खाली ओढला गेला.

आयुष्यात अर्ध्या किलोच्या वर कधी न चुकलेला त्याचा हात सांगत होता, सहा किलो आठशे.